वन पंच मॅन: सैतामा मोठा हीरो की मुमेन रायडर? (स्पॉयलर आहेत, बघून या)

अनुस्वार

तिसऱ्या सीझनच्या ॲनिमेशनच्या नावाने सगळीकडे शिमगा करून झालाय, तो इथे नको. मला बोलायचंय ते पहिल्या सीझनच्या नवव्या भागावर. परवा पुन्हा पाहिला आणि डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

ज्यांना मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ‘वन’ या टोपणनावाच्या जपानी चित्रकथाकाराने २००९ मध्ये स्वतःच्या वेबसाइटवर ही कथा टाकायला सुरुवात केली. चित्रं म्हणाल तर वहीच्या मागच्या पानावर काढल्यासारखी. २०१२ पासून युसुके मुराता तीच कथा नव्याने काढतोय, आणि ती बघताना मात्र डोळ्यांचं पारणं फिटतं. २०१५ मध्ये ॲनिमे आलं. नायक सैतामा, वय २५, टक्कल, पिवळा पोशाख, पांढरी केप. समोर कोणीही येवो, एका ठोशात खेळ खल्लास. त्यामुळे त्याला कशातच राम वाटत नाही. सुपरमार्केटचा सेल चुकला तर मात्र जीव हळहळतो.

आता नववा भाग. समुद्रातून आलेला डीप सी किंग जे-सिटीत धुमाकूळ घालतोय. हा पावसात भिजला की आणखी फुगतो, आणि त्या दिवशी मुसळधार कोसळतोय. स्टिंगर, लाइटनिंग मॅक्स, पुरी-पुरी प्रिझनर असे हीरो एकामागून एक आडवे झालेत. लोक निवाऱ्यात कोंडलेले, आणि राक्षस भिंत फोडून आत. सैतामाचा सायबॉर्ग शिष्य जेनोस येतो, झुंजतो. एक लहान मुलगी ओरडून त्याला धीर देते, तर तो नीच राक्षस मुद्दाम तिच्याच दिशेने आम्ल थुंकतो. जेनोस मध्ये पडतो आणि अर्धा वितळतो. आता कोणी उरलेलं नाही.

तेवढ्यात मागून एक सायकल येऊन राक्षसाच्या पाठीवर आदळते. त्याला ओरखडाही उठत नाही. वळून बघतो तर हेल्मेट आणि गॉगल घातलेला मुमेन रायडर. हीरो असोसिएशनच्या सी-क्लासमध्ये पहिला नंबर, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातला सगळ्यात वरचा. अंगात कसलीही शक्ती नाही. धावत जाऊन अंगावर झेप घेतो, एका फटक्यात जमिनीवर. पुन्हा उठतो. म्हणतो की सी-क्लासवाल्याकडून कुणाला काही अपेक्षा नाही हे मला कळतं, मी तुला हरवू शकत नाही हेही कळतं, पण इथे प्रश्न जिंकण्या-हरण्याचा नाहीच, मला आत्ता इथे तुझ्यासमोर उभं राहायचंय. आणि मग पुन्हा मार खातो. खाली पडायच्या आत सैतामा त्याला झेलतो आणि छान लढलास म्हणतो. पुढचं माहीतच आहे: एक ठोसा, राक्षसाला आरपार भोक, वरचे ढगसुद्धा बाजूला.

आता पहिल्या भागातला सैतामा आठवा. तेव्हा डोक्यावर केस आहेत, वय २२, मुलाखतीत नापास होऊन सूट-टायमध्ये घरी चाललाय. खेकडे खाऊन खाऊन खेकडा झालेला एक राक्षस एका पोराच्या मागे लागलाय, कारण पोराने तो झोपलेला असताना त्याच्या अंगावर मार्करने आचरट चित्रं काढलीत. सैतामा मध्ये पडतो, भरपूर मार खातो आणि शेवटी गळ्यातला टाय त्याच्या डोळ्याला अडकवून ओढतो.

माझं म्हणणं असं की हा टायवाला सैतामा आणि सायकलवाला मुमेन रायडर हे एकच माणूस आहेत. दोघेही हरणार हे समोर दिसत असताना पुढे झाले. आजचा सैतामा लोकांना वाचवतो हे खरंच, पण त्यात त्याचं पणाला काय लागतं? ज्याला हरताच येत नाही त्याला शूर म्हणायचं का?

पावशेर

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

जेनोस_फॅन_क्लब

नववा भाग मीही शंभरदा पाहिलाय, रडलोय, सगळं मान्य. पण एक साधा हिशोब करा. सैतामा दोन मिनिटं उशिरा आला असता तर मुमेन रायडर मेला असता, जेनोस मेला असता, निवाऱ्यातली झाडून सगळी माणसं मेली असती. मग तुम्ही हा धागा काढला असता का? लोक वाचले ते ठोशामुळे. भाषणाने राक्षस मरत नाही.

दुबळ्यांचं कौतुक करण्याची आपल्याला फार हौस. सैतामाला ताकद लॉटरीत लागलेली नाही. रोज १०० जोर, १०० सिट-अप्स, १०० बैठका आणि १० किलोमीटर धावणं. उन्हाळ्यात एसी नाही, हिवाळ्यात हीटर नाही. तीन वर्षं, एकही खाडा नाही. जेनोसला हे सांगतो तेव्हा जेनोस भडकतो, कारण त्याला काहीतरी गुपित हवं असतं आणि हा त्याला व्यायामशाळेच्या भिंतीवरचं वेळापत्रक वाचून दाखवतो. मला ही मालिकेतली सगळ्यात भारी जागा वाटते. उठून रोज तेच ते करायचं, हात मोडेपर्यंत, केस गळेपर्यंत, आणि बघायला कोणी नाही. हे धैर्य नाही तर काय आहे? एका क्षणाचं धैर्य दिसतं म्हणून टाळ्या पडतात.

अनुस्वार

खाडा न करता केलेल्या मेहनतीला नमस्कारच आहे. पण ती मेहनत त्याने कशासाठी केली? लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या हीरोसारखं राक्षसाशी जिवाच्या आकांताने लढायचं म्हणून. आणि मेहनतीने नेमकं तेच हिरावून घेतलं. त्याला स्वप्न पडतं ना, भूगर्भातले लोक हल्ला करतात, हा रक्तबंबाळ होतो, छाती धडधडते, आणि जाग येते तर खरेखुरे भूगर्भवाले एका ठोशात शरण. त्या सकाळी त्याचा चेहरा बघ. ताकद मिळाली तेव्हाच त्याच्या हातून काहीतरी निसटलं, आणि हे मी नाही, मालिकाच म्हणतेय.

दोरखंड

ॲनिमे फार बघत नाही, ही मालिका मुलीमुळे पाहिली. पण इथे मला बोलायला जागा आहे.

मी सह्याद्रीत अडकलेल्या ट्रेकर्सना काढणाऱ्या एका स्वयंसेवी गटासोबत जातो. तिथे पहिल्या दिवशी शिकवतात तो क्रम असा: आधी स्वतःचा जीव, मग सोबतीचा, मग अडकलेल्याचा. ऐकायला स्वार्थी वाटतं. पण दोर न लावता धावत खाली उतरलेला माणूस हा बहुतेक वेळा वर काढायचं दुसरं ओझं होतो. आमच्याकडे गाठ एकजण मारतो आणि दुसरा तपासतो, कितीही अनुभवी असला तरी. कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा, स्क्रू पूर्ण फिरलाय का हे बोटाने चाचपून बघायचं, नुसतं बघून चालत नाही, कारण रात्री, पावसात, थकलेल्या डोळ्यांना सगळं बंदच दिसतं. त्या नजरेने मुमेन रायडरकडे पाहिलं तर आमच्या म्होरक्याने त्याला सगळ्यांदेखत झापला असता.

आणि तरी मला तो माणूस चुकीचा वाटला नाही, त्याचं कारण वेगळं आहे. त्या निवाऱ्यात ‘आधी स्वतःचा जीव’ म्हणायला वाव नव्हता. मागे पळायला जागा नाही, मदत किती वेळात येईल माहीत नाही. अशा वेळी एकच काम उरतं, वेळ काढणं. कड्यावर पाय मोडून पडलेल्या पोराशेजारी एखादा आमचा माणूस रात्रभर नुसता बसतो. त्याला झोपू देत नाही, गप्पा मारतो, घरचे काय जेवले असतील विचारतो. उचलणारे सकाळी येतात, फोटो त्यांचे छापून येतात. बसलेल्याने ताकदीचं काहीच केलेलं नसतं. पण तो बसला नसता तर सकाळी आलेल्यांना उचलायला काय मिळालं असतं?

म्हणून जेनोस_फॅन_क्लब, तुमच्या हिशोबात एक आकडा राहिलाय. सैतामा वेळेवर आला कारण आधीच्या सगळ्यांनी मार खाऊन वेळ विकत घेतला होता.

कैरीपन्हं

दोरखंड, प्रतिसाद जपून ठेवावा असा. आणि गंमत म्हणजे तुम्ही म्हणताय तेच निवाऱ्यातला एक माणूस उलटं करून म्हणतो! राक्षस मेल्यावर तो कुरकुरा बाबा आठवतोय का? एका ठोशात मेला म्हणजे राक्षस काही खास नव्हता, मग आधी हरलेले हीरो कसले हीरो, नुसता वेळ काढायला काय कोणीही काढेल. बाकीचे त्याला गप्प करायला बघतात, पण मनातून बऱ्याच जणांना पटायला लागलेलं दिसतं.

आणि तिथे सैतामा जे करतो त्यात अनुस्वारच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. तो मोठ्याने हसतो आणि सांगतो की बरं झालं बाबा, बाकीच्यांनी आधीच त्याला खिळखिळा केला होता, मी आयत्या वेळी येऊन श्रेय लाटलं, हे सगळ्यांना सांगा हं. म्हणजे स्वतःच्या नावाला काळं फासून घेतो, मुमेन रायडर आणि जेनोसचं नाव राहावं म्हणून. शरीराने त्याला काही गमावता येत नाही हे खरं. पण अब्रू गमावता येते, आणि तो ती देऊन टाकतो. पणाला लावायला त्याच्याकडे तेवढंच उरलेलं होतं.

तिरकस

कैरीपन्हं, थोडं थांबा. त्याला अब्रूची पर्वा असेल तर तो त्याग. पर्वाच नसेल तर कसला त्याग? झेड-सिटीवर उल्का येते तेव्हा हाच बाबा ती फोडतो, तुकड्यांनी शहराची माती होते, आणि टँकटॉपवाले हीरो लोकांना त्याच्यावर भडकवतात. तेव्हा तो तोंडावर सुनावतो की मी तुमच्या कौतुकासाठी हे करत नाही, मला करावंसं वाटतं म्हणून करतो. ज्याला लोकांच्या मताची फिकीर नाही त्याने लोकांचं मत दान केलं. मी माझी जुनी रद्दी दान करतो तसं.

शिवाय ते खोटं घातक आहे. हीरो असोसिएशनची श्रेणी आधीच सडलेली. सैतामाने परीक्षेत शारीरिक चाचणीचे सगळे विक्रम मोडले, ५० पैकी ५०, लेखीत २१, एकूण ७१, पास व्हायला ७० लागतात, म्हणून सी-क्लास. अशा व्यवस्थेला तो स्वतःहून खोटा पुरावा देतो. पुढच्या वेळी तसाच राक्षस आला की असोसिएशन निवांतपणे स्टिंगरला पाठवेल, का तर गेल्या वेळी त्यांनीच खिळखिळा केला होता म्हणे. मरेल कोण? स्टिंगर.

अनुस्वार

दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तो बिनतोड आहे. पण पहिला नाही पटला. त्याला पर्वा नाही हे तो म्हणतो. चौथ्या भागाचा शेवट आठव. हॅमरहेडच्या टोळीने त्याचं नाव ऐकलेलं नाही, निन्जा सॉनिकनेही नाही, गावात कुणीच ओळखत नाही म्हणून तो असा काही खट्टू होतो की बस. तेवढ्यासाठी तर असोसिएशनची परीक्षा देतो! तीन वर्षं हीरोगिरी केली आणि कुणी नावाने ओळखत नाही, हे त्याला चांगलंच लागलेलं आहे. आणि नाव होण्याची पहिली मोठी संधी आली ती जे-सिटीत, भरपूर साक्षीदार, मुडदा समोर पडलेला. तिथे त्याने स्वतःला भामटा ठरवून घेतलं. रद्दी नव्हे रे ती.

कैरीपन्हं, तुझं वाक्य मी चोरणार आहे. आता मला मूळ प्रश्न वेगळाच वाटायला लागलाय: या मालिकेत प्रत्येकाकडे हरायला नेमकं काय शिल्लक आहे?

पावशेर

आलो. माझ्याकडून किंग!

जगातला सर्वात बलवान मनुष्य, एस-क्लास (सगळ्यात वरचा वर्ग) क्रमांक ७, चेहऱ्यावर तीन व्रण, आणि प्रत्यक्षात घरी बसून व्हिडिओ गेम खेळणारा घाबरट. सैतामा राक्षस मारून निघून जायचा आणि किंग नेमका तिथेच थरथरत उभा असायचा, म्हणून सगळं श्रेय त्याच्या खात्यात. छाती भीतीने धडधडते, लोक त्याला ‘किंग इंजिन’ म्हणतात, आणि त्या आवाजाने राक्षस पळतात. वनच्या डोक्याला सलाम.

तर अनुस्वारच्या नव्या प्रश्नावर: किंगकडे हरायला फक्त खोटी अब्रू आणि खरा जीव. दुसऱ्या सीझनच्या शेवटी तो काय करतो? एल्डर सेंटिपीड नावाची ती डोंगराएवढी गोम. जेनोस आणि बांग, बॉम्ब हे म्हातारे उस्ताद, कुणालाच आवरत नाही. किंग एकटा कर्णा घेऊन समोर उभा राहतो आणि ओरडतो की तुला पूर्वी हरवणारा ब्लास्ट (एस-क्लासचा पहिला नंबर) इथे आहे, ये. गोम उसळून अंगावर येते. मागे सैतामा आहे हे त्याला माहीत होतं, ठीक. तरी माझे पाय लटपटले असते. त्याचेही लटपटलेच असणार, इंजिन चालू होतं की!

जेनोस_फॅन_क्लब

मागे सैतामा असेल तर मीपण कर्णा घेऊन उभा राहीन :)

पावशेर

तू उभा राहशील, आणि वर रील काढशील.

कैरीपन्हं

आता मला भांडायचंय ते फुबुकीसाठी. तिच्यावर सगळे हसतात. बी-क्लास क्रमांक १ ला बसून राहते, ए-क्लासमध्ये जात नाही, आपला गट जमवते, नवीन येणाऱ्यांना दमदाटी करून गटात ओढते. दमदाटी वाईट, त्यावर वाद नाही. सैतामा तिला चार शब्द सुनावतो तेव्हा मीही मान डोलावली.

पण तिच्या बाजूने बघा. थोरली बहीण तात्सुमाकी, एस-क्लास क्रमांक २, बोटही न हलवता इमारती उचलणारी. लहानपणापासून तिच्या सावलीत. आपण कितीही केलं तरी तिथवर पोचणार नाही हे जिला लहानपणीच कळलंय, तिने काय करायचं? मुमेन रायडरसारखं एकटीने मरायला जायचं? तिने माणसं जमवली. दुबळ्यांनी एकत्र येणं हे या मालिकेत जवळजवळ फक्त तीच करते. दोरखंड सांगतायत ते काम गटाचंच ना? एक गाठ मारतो, दुसरा तपासतो.

आणि बहीण तिला नेमकं तेच करू देत नाही. कारण तात्सुमाकी लहान असताना प्रयोगशाळेत कोंडलेली होती, तिथून ब्लास्टने तिला सोडवलं आणि जाता जाता बजावलं की खरी वेळ येईल तेव्हा कुणी वाचवायला येईल अशी आशा धरू नकोस. ते एक वाक्य धरून ती पोर जन्मभर एकटी लढतेय. बलवान माणसाने दुबळ्याला वाचवलं, आणि सोबत दिलेला सल्ला मात्र बलवानांच्याच कामाचा! मला हा प्रसंग फार अस्वस्थ करतो.

दोरखंड

फुबुकीला आमच्या गटात घेऊ. तिच्या बहिणीला नाही. एकटा चांगला चढणारा माणूस दोराच्या कामात सगळ्यात धोक्याचा असतो, तो कुणाचं ऐकत नाही.

मास्तर_१९७६

पोरांनो, तुमची चर्चा वाचतो आहे. वन पंच मॅन नातवाने दाखवला, ओझरता. मला आठवला तो आमचा जायंट रोबोट. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर इंग्रजीत लागायचा, निम्मं कळायचं नाही. गल्लीत ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्याकडे आम्ही सगळे. मालिका मूळची जपानी, १९६७-६८ ची, मित्सुतेरू योकोयामाच्या चित्रकथेवरची, भाग २६.

त्यातला रोबोट जॉनी नावाच्या पोराच्या हुकमाचा ताबेदार. पोराने मनगटावरच्या घड्याळात बोलायचं आणि याने हात वर करून उडायचं. ताकद अफाट, इच्छा शून्य. शेवटच्या भागात दुष्ट सम्राट गिलोटिन सांगतो की माझ्या अंगात अणुशक्ती भरली आहे, गोळी घातलीत तर पृथ्वीचा चुरा होईल. सगळे हतबल. आणि पहिल्यांदाच रोबोट हुकमाविना हलतो, गिलोटिनला धरतो आणि अवकाशात घेऊन जातो. जॉनी खालून परत ये म्हणून ओरडतोय, हा ऐकत नाही. उल्केवर जाऊन आदळतो. त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी क्रिकेट खेळलं नाही.

ताकद त्याच्याकडे पहिल्या भागापासून होती. तो हीरो झाला शेवटच्या भागात, स्वतःच्या मनाने नाही म्हणाला तेव्हा. जपान्यांना हे आधीपासून ठाऊक असावं. १९६६ चा अल्ट्रामॅन बघा, एवढा अवाढव्य, पण पृथ्वीवर तीनेक मिनिटंच टिकतो, छातीवरचा दिवा लुकलुकायला लागला की आपला जीव खालीवर. १९७१ चा कामेन रायडर तर खलनायकांच्याच टोळीने शस्त्रक्रिया करून बनवलेला. धडधाकट, निर्दोष, अजिंक्य असा हीरो त्यांनी सहसा केलाच नाही.

अनुस्वार

मास्तर, दंडवत. आणि बघा ना, कामेन रायडरची मोटरसायकल काढून घेतली आणि सायकल दिली की झाला मुमेन रायडर. थट्टा म्हणून काढलेलं पात्र, आणि त्याच्यावाचून मालिकेचं पान हलत नाही. सैतामाला मात्र वनने उलटं घडवलं: जपानी हीरोची ती तीन मिनिटांची मर्यादाच काढून टाकली आणि आता बघू म्हणाला.

तिरकस

सगळे चांगल्यांवरच बोलताय, म्हणून मी गारोला आणतो.

बांगचा हकालपट्टी झालेला शिष्य, हीरोंची शिकार करणारा. लहानपणी वर्गातला लाडका मुलगा तात्चान ‘जस्टिस मॅन’ व्हायचा आणि गारोला जबरदस्तीने राक्षस करायचा. खेळाच्या नावाखाली रोज मार. एकदा उलटून मारलं तर शिक्षा यालाच. त्यातून याला प्रश्न पडतो की राक्षस इतकी मेहनत करतो, तरी प्रत्येक भागात तोच का हरतो? मला हा प्रश्न पटतो. टीव्हीवरच्या हीरोवर आख्खा वर्ग फिदा असतो तेव्हा त्याच्या नावाने कुणाला तरी चोप बसत असतो. दुबळा नेहमी मुमेन रायडर होत नाही, कधी गारो होतो.

आणि तरी तो तारेओ नावाच्या त्या मार खाणाऱ्या पोराला पुन्हा पुन्हा वाचवतो. त्याला राक्षस होणं धड जमतच नाही. सैतामा त्याच्या वर्मावर बोट ठेवतो: तुला हीरोच व्हायचं होतं, ते अवघड वाटलं म्हणून राक्षस होण्यावर भागवलंस. परग्रहावरचा बोरोस ज्या ठोशाने गेला त्याहून हे वाक्य जड आहे. पण अनुस्वार, हे सैतामाला बोलता येतं कारण तो जिंकलेला आहे. हेच तात्चान बोलला असता तर?

अनुस्वार

तात्चान बोलला असता तर थोबाडीत खाल्ली असती, आणि योग्यच. पण सैतामा तात्चान नाही. तो तीन वर्षांपूर्वी बेकार होता, खेकड्यानेसुद्धा त्याला आधी जाऊ दिलं, कारण ह्याच्या डोळ्यांत आपल्यासारखीच मरगळ आहे म्हणून. तोही घसरून त्या बाजूला जाऊ शकला असता. मला वाटतं गारोशी बोलतो तो आजचा टकला नाही, टायवाला.

आणि तुझ्या आवडत्या सडलेल्या असोसिएशनबद्दल एक गोष्ट कुणी काढलीच नाही. ती काढली अगोनी नावाच्या कोट्यधीशाने, का तर त्याच्या नातवाला राक्षसापासून एका वाटसरूने वाचवलं. नातू म्हणजे खेकडा ज्याच्या मागे लागला होता तोच दुभंगलेल्या हनुवटीचा पोर! म्हणजे नापास झालेल्या बेकार पोराच्या एका टायवर ही सगळी संस्था उभी राहिली, आणि तिनेच पुढे त्याला सी-क्लासचा ३८८ वा नंबर दिला. आठवड्यात एक तरी काम दाखव नाहीतर नाव कापू, हा नियम वर.

तिरकस

हे मात्र अस्सल सरकारी आहे.

जेनोस_फॅन_क्लब

मी अजून माझ्याच बाजूला. मांगामध्ये, म्हणजे चित्रकथेत, गारोबरोबरच्या शेवटच्या लढाईत मुराताने सरळ आलेखच काढलाय, सैतामाची रेघ गारोला मागे टाकून वर वर जाते. आणि ती उसळते कधी? जेनोस मेल्यावर, त्याचा गाभा हातात धरून लढताना. (ॲनिमेवाल्यांनो, सांगितलं होतं स्पॉयलर आहेत.) कैरीपन्हं म्हणते की पणाला लावायला फक्त अब्रू उरली होती. चूक. एक शिष्य होता, बोलावलं नसताना घरात घुसलेला, वहीत टिपणं काढणारा. ज्याला काहीच हरता येत नाही तो गुरुजी तिथे हरतो, आणि मग काळ उलटा फिरवून येतो. अधेमधे शिंकेने गुरू ग्रहाचे ढग उडवतो ते सोडा.

कैरीपन्हं

ए, हे चांगलं बोललास. आणि हे बोललास म्हणजे तू अनुस्वारच्या बाजूला आलास, कळतंय का?

जेनोस_फॅन_क्लब

नाही. त्या आलेखात ताकदच वाढली ना?

कैरीपन्हं

कशामुळे वाढली ते बघ की मेल्या.

दोरखंड

मुलीने विचारलंय ते इथे टाकतो. मुमेन रायडर बी-क्लासमध्ये जायला नको म्हणतो, फुबुकीही बी-क्लासच्या वर जात नाही. मग एकाला विनयशील आणि दुसरीला भित्री का म्हणतात?

अनुस्वार

मुलीला सांगा, धागा तिने काढायला हवा होता.

माझ्यापरीने: मुमेन रायडर सी-क्लासमध्ये राहून सी-क्लासचं काम करतो, पाकीटमार पकडणं, रस्त्यावरच्या माणसाला मदत. ते त्याला कमीपणाचं वाटत नाही. फुबुकीला तो क्रमांक १ हवा असतो. पण कैरीपन्हं म्हणाली तसं, तिच्या घरात तात्सुमाकी आहे आणि त्याच्या घरात नाही. ओडेनच्या (जपानी रश्श्याच्या) गाडीवर सैतामाशेजारी बसून तो नुसता आभार मानतो ना, त्यात जळफळाट औषधालाही नाही. सख्खी बहीण असती तर इतकं सोपं गेलं असतं का, कोण जाणे.

पावशेर

सगळं झालं, पण वॉचडॉग मॅनवर अवाक्षर नाही? एस-क्लास क्रमांक १२. कुत्र्याच्या पोशाखात क्यू-सिटीच्या चौकात चौथऱ्यावर बसलेला असतो. शहर सोडून सहसा कुठे जात नाही, फारसं बोलत नाही, सभेला आला तरी पंजा चाटतो. तिथले राक्षस म्हणे भलतेच खतरनाक, आणि हा एकटा सगळ्यांना पुरून उरतो. गारोलाही त्याने पिटाळलंय.

तिरकस

ताकद आहे, भीती नाही, नाव नको, गट नको, कशाचं काही वाटत नाही. पावशेर, हा अनुस्वारच्या कुठल्याच खणात बसत नाही.

अनुस्वार

त्याच्याकडे हरायला क्यू-सिटी आहे की.

पावशेर

क्यू-सिटी आणि चौथरा. मुंबईत तेवढी जागा सोडून कोण जाईल?